थारकर

आडनाव कुलकर्णी असो, शिंदे असो की गायकवाड; महिंद्रांच्या नाशिकच्या कारखान्यातून निघालेली ती उंच, चौकोनी गाडी दारात आली की माणूस थारकर होतो. सोसायटीत मग त्याला आडनाव उरत नाही. वॉचमन फ्लॅटचा नंबर विसरतो, ‘थारवाल्या साहेबांचं पार्सल’ एवढंच म्हणतो आणि पार्सल घेऊन आलेल्या पोरालाही तेवढा पत्ता पुरतो.

पुण्यात थारकर मुबलक. वय पस्तिशी ते पन्नाशी. घर कोथरूडला नाहीतर बावधनला, नोकरी हिंजवडीत. मधलं अंतर पंधरा-सोळा किलोमीटर, सगळं डांबरी, नसेल तिथे काँक्रीटचं. वाटेत चांदणी चौक लागतो, बाणेर लागतं, वाकड लागतं. नदी लागते ती पुलाखाली. वाळवंट, दलदल, बर्फ यांपैकी काहीही लागत नाही. तरी सकाळी साडेआठला थारकर गाडी बाहेर काढतो तेव्हा तिच्या पोटाखाली २२६ मिलिमीटर मोकळी जागा असते, ६५० मिलिमीटर खोल पाण्यातून जाण्याची क्षमता कंपनीने लिहून दिलेली असते आणि एकेचाळीस अंशांची चढण अचानक समोर उभी राहिलीच, तर पुढचा बंपर न घासता तिला भिडायची सोय असते. प्रत्यक्षात समोर पीएमपीची बस येते. तिच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरात चाळीस मिनिटं जातात.

हे आकडे थारकराला तोंडपाठ असतात. सत्यनारायणाच्या पूजेला गेलेला, एका हातात प्रसादाचा द्रोण आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याचा उतार करून शेजारच्या काकांना डिपार्चर अँगल, म्हणजे मागचा बंपर न घासता उतरायचा कोन, समजावून सांगणारा गृहस्थ दिसला, तर पार्किंगमध्ये काय उभं असेल ते वेगळं विचारायला नको.

गाडीचं घराणं मात्र मोठं. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या. युद्ध संपलं. एवढी काटक गाडी आता विकायची कुणाला, हा प्रश्न विलीजने १९४५ मध्ये सोडवला तो शेतकऱ्याकडे बोट दाखवून: नांगर जोडा, यंत्रं चालवा, बाजाराला न्या. आपल्याकडे चाळीसच्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत माझगावला या जीपा जोडायला सुरुवात केली आणि पुढची तीन-चार दशकं ग्रामीण महाराष्ट्रात जीप म्हणजेच सरकार होतं. तहसीलदार जीपमधून यायचे, पाटबंधारे खात्याचे इंजिनिअर यायचे, लस टोचणारे आणि कुटुंब नियोजनवाले यायचे. निवडणुकीत तिच्यावर कर्णा बांधला जायचा आणि गावातली पोरं धुरळ्यामागे पळायची.

यातला कुणीही ती हौसेने वापरत नव्हता, हे ध्यानात घ्यायला हवं. जीप मिळाली म्हणजे बदली आडबाजूला झाली. साहेब जीपमध्ये बसून ॲम्बॅसडरची वाट बघायचे. एका थारकराचे वडील पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. धरणाच्या साइटवर उभा जन्म गेला. नवी थार घरी आली, बायकांनी ओवाळली, चाकाखाली लिंबं ठेवली. वडिलांनी एक चक्कर मारली, टपावर टकटक करून पाहिलं आणि म्हणाले, “तीस वर्षं सरकारने फुकट बसवलं यात. मणके गेले माझे. आता पैसे देऊन बसू होय?” ते आजतागायत बसलेले नाहीत. रिक्षाने जातात.

पहिली थार २०१० साली आली. ती बरीचशी जुन्या जीपच्याच वळणाची होती, त्यामुळे तिच्या वाट्याला खरे वेडे गेले. आजचा थारकर घडवला तो २०२० च्या गाडीने. १५ ऑगस्टला तिचं दर्शन झालं, २ ऑक्टोबरला विक्री सुरू झाली. लोक कोरोनामुळे सहा महिने घरात कोंडलेले होते आणि कुठेतरी लांब, जिथे माणूस नाही अशा ठिकाणी जावं, असं प्रत्येकाला वाटत होतं. त्यात गाडीला एसी, टचस्क्रीन, ऑटोमॅटिक गिअर आणि पक्कं छत मिळालं. पहिली गाडी लिलावात १ कोटी ११ लाखांना गेली. पालघरच्या शार्दूल ठाकूरने ब्रिस्बेनची कसोटी गाजवल्यावर त्याला आणि त्याच्या पाच साथीदारांना आनंद महिंद्रांनी थारच बक्षीस दिली. मग काय, महिनोन्‌महिने थांबून लोकांनी गाड्या घेतल्या. गाडी हातात येईपर्यंत ऑफिसं उघडली होती आणि जिथे माणूस नाही त्या ठिकाणाऐवजी पुन्हा हिंजवडीला जायची वेळ आली होती.

इथे उत्तरेकडच्या थारवाल्याशी आपल्या माणसाची गल्लत करू नये. तिकडची थार काळी, काचा काळ्या, गाणी मोठ्याने. पुण्याचा थारकर गाडीचं मॅन्युअल वाचतो. नुसतं वाचत नाही, पेन्सिलीने खुणा करतो.

आणि मॅन्युअलमध्येच त्याचं दुःख लिहिलेलं आहे.

मुख्य गिअरच्या शेजारी एक ठेंगणा दांडा असतो. टू एच, फोर एच, एन, फोर एल अशा चार खुणा. पहिल्या खुणेवर फक्त मागची चाकं ओढतात, फोर एच आणि फोर एलमध्ये चारही, एनमध्ये एकही नाही. या दांड्यासाठी थारकराने गाडी घेतली. पण थारसारख्या गाडीत पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये डिफरन्शियल नसतं. गाडी वळते तेव्हा पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, आणि फोर एचमध्ये तर दोन्ही एकाच वेगाने फिरायला बांधलेली. चिखलात, वाळूत टायर थोडा घसरतो आणि हिशेब मिटतो. कोरड्या डांबरावर टायर घसरत नाही, ताण आत यंत्रणेत साठत जातो, स्टिअरिंग जड होतं, गाडी अडखळते आणि असंच रेटलं तर महागातलं काहीतरी तुटतं. म्हणून कोरड्या, पक्क्या रस्त्यावर फोर बाय फोर वापरू नये. सारांश असा की, ज्या खुबीसाठी जादा पैसे मोजले, ती खुबी थारकर रोज जातो त्या रस्त्यावर वापरायलाच बंदी आहे.

कंपनीला गिऱ्हाईक आधीच कळलेलं होतं. २०२३ च्या जानेवारीत तिने फक्त मागच्या चाकांवर चालणारी थार आणली: लांबी चार मीटरच्या आत, डिझेल इंजिन दीड लिटरचं, त्यामुळे कर कमी, किंमत ९ लाख ९९ हजारांपासून. बाहेरून तीच छाती, तीच उंची. फक्त आत तो दांडा नाही. दांड्याच्या जागी किरकोळ वस्तू ठेवायला एक खळगा दिला आहे. त्यात सुपारीची डबी छान मावते. दांडावाले थारकर खळगावाल्यांना मनातून आपल्यात धरत नाहीत. सिग्नलला दोन थार शेजारी उभ्या राहिल्या की हात उंचावून नमस्कार होतो, पण नमस्कार करता करता दांडावाल्याची नजर काचेतून आत, त्या जागेकडे गेलेली असते. खळगावाल्यांतल्या काहींनी बाजारातून ‘फोर बाय फोर’ असं चिकटपट्टीवरचं नाव आणून मागे लावलं आहे. मंगळसूत्रापेक्षा ते स्वस्त पडतं आणि शंका तितकीच मिटवतं.

दांडा अधूनमधून हलवावा, नाहीतर आत आखडतो, हे मेकॅनिकही सांगतात. म्हणून एखाद्या रविवारी सकाळी थारकर सोसायटीमागच्या रिकाम्या प्लॉटवर जातो. तिथे बिल्डरने टाकून दिलेला मुरमाचा ढीग आहे. छातीइतका उंच. थारकर आधी खाली उतरतो. ढिगाभोवती फेरी मारतो, कमरेवर हात ठेवून चढण न्याहाळतो, एक दगड बुटाने बाजूला सारतो. मग आत बसून दांडा फोर एलमध्ये ओढतो. तो पहिल्या झटक्यात जात नाही. आतून खड्‌ड असा आवाज येतो, बायको गॅलरीतून डोकावते. दुसऱ्यांदा जोर लावल्यावर दांडा बसतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि थारकराच्या चेहऱ्यावरही. गाडी माणसाच्या चालीने ढिगावर चढते. माथ्यावर नाक आभाळाकडे होतं, समोर फक्त बॉनेट आणि ढग. क्षणभर हिंजवडी नाही, हप्ता नाही, सोमवार नाही. मग नाक खाली येतं आणि गाडी पलीकडे उतरते. वॉचमन तंबाखू मळत हे सगळं बघत असतो. “साहेब,” तो म्हणतो, “बाजूनं वाट हाय की.”

खरी खडकाळ, उभ्या चढणीची जमीन थारकराच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर आहे: वेताळ टेकडी. तिथेच, १९६६ मध्ये स्थापन झालेली आणि देशभरातल्या गाड्या तपासणारी एआरएआय ही संस्था आहे. त्या टेकडीच्या पायवाटांवर थारकर रोज पहाटे जातो. पायी. डॉक्टरांनी सांगितलंय.

घरच्यांचं गाडीशी नातं गुंतागुंतीचं. थारला दारं तीन. दोन पुढे, एक मागे, आणि मागच्यावर स्टेपनी टांगलेली. ते मागचं दार बाजूला उघडतं, त्यामुळे मागे कुणी गाडी चिकटवून लावली की भाजीची पिशवी काढता येत नाही. मागची काच वर उचलून हात खाली घालावा लागतो आणि कोथिंबिरीची जुडी बोटांनी शोधावी लागते. मागच्या सीटवर बसायचं तर पुढची सीट वाकवून, एक पाय आत टाकून, डोकं खाली घालून, मग दुसरा पाय. म्हणून चढण्याला क्रम आहे. आधी मुलगी, मग बायको, मग बायकोच्या पायाशी पिशव्या, मग सीट पूर्ववत, आणि शेवटी पुढच्या सीटवर आई. उतरताना हाच क्रम उलटा. खेड शिवापूरला मुलीला बाथरूमला जायचं झालं तर आधी आजीने उतरायचं, आणि आजीचे दोन्ही गुडघे डॉक्टरांनी ऑपरेशनला सांगितलेले.

आईसाठी थारकराने एक निळा प्लॅस्टिकचा स्टूल घेतला. गाडी थांबली की तो स्वतः उतरतो, वळसा घालून येतो, स्टूल मांडतो, आईला हात देतो. फूटपाथवरचे लोक वाट देतात. कुणी मोठी बाई आल्या असाव्यात असं त्यांना वाटतं. एकदा जेजुरीला आईला उतरवून, दर्शनाच्या गडबडीत स्टूल पायथ्याशीच राहिला. परतताना मागच्या काचेतून बघत मुलगी म्हणाली, “बाबा, आपला स्टूल त्या भंडारावाल्या मावशी घेऊन बसल्यात.” तोवर गाडी पुढे आलेली, मागे ट्रकची रांग. सासवडला चहासाठी थांबले. आई खाली वाकून बघत होती. बराच वेळ बघितल्यावर म्हणाली, “बाळा, मला इथेच आणून दे चहा. जेजुरीच्या पायऱ्या परवडल्या.”

२०२४ च्या १५ ऑगस्टला पाच दारांची थार रॉक्स आली, तेव्हापासून या घरातल्या फ्रिजवर तिचं पत्रक चुंबकाने लावलेलं आहे. ते थारकराने लावलेलं नाही.

गणपती आणायलाही थार चालत नाही. चाकांमधलं अंतर कमी, उंची जास्त, स्प्रिंग कडक. गतिरोधकावर गाडी आधी पुढून उडते, मग मागून, मग डावी-उजवीकडे डोलून शांत होते. शाडूच्या मूर्तीला हे झेपत नाही. पहिल्या वर्षी उंदराचा कान गेला. तेव्हापासून कसब्यातल्या कुंभारवाड्यातून गणपती शेजाऱ्यांच्या वॅगनआरमधून येतो, आणि मागून चारही इंडिकेटर लावून, बंदोबस्ताला असल्यासारखी, रिकामी थार येते.

जोडसामानाबद्दल लिहायला घेतलं तर अंक पुरणार नाही. टपावर कॅरिअर, कॅरिअरला फावडं, बाजूला जेरी कॅन, पुढे दोरखंड गुंडाळलेला विंच, डॅशबोर्डवर पिवळी रबरी बदकं. बदकांची पद्धत २०२० मध्ये कॅनडातल्या जीपवाल्यांत सुरू झाली. तिथे अनोळखी जीपवर बदक ठेवून जातात. इथे स्वतःच मागवतात. फावडं अजून दुकानाच्या पिवळ्या स्टिकरसकट आहे. पुढचा लोखंडी गार्ड मात्र नुसती हौस नव्हे: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये तो बसत नाही असं केंद्राने २०१७ च्या डिसेंबरात राज्यांना कळवलं आहे, आणि पुढे एअरबॅगचे सेन्सर असताना लोखंड लावलं तर ऐन वेळी एअरबॅग गडबडू शकते. टपावरच्या एलईडी पट्टीबद्दल तर समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्यालाच विचारावं. इथे थारकराची गंमत संपते आणि लोकांना त्रास सुरू होतो.

वर्षातून एकदा तरी दिवस थारकराचा उगवतो. जूनमध्ये धो धो पाऊस पडतो, हिंजवडीच्या आयटी पार्कात रस्त्यांचे ओढे होतात, फोनवर व्हिडिओ फिरू लागतात. थारकर खिडकीतून पाणी बघतो, लॅपटॉप बंद करतो आणि सहकाऱ्यांना म्हणतो, “कुणाला सोडू का?” दोघं-तिघं तयार होतात. गाडी पाण्यात शिरते. चाकांपुढे लाट उठते. आत कुणी बोलत नाही. ६५० मिलिमीटर म्हणजे दोन फुटांच्या वर. इथे पाणी जेमतेम फूटभर. अशी दोनशे मीटर दिमाखात गेल्यावर गाडी थांबते, कारण पुढे एक अल्टो बंद पडलेली आहे, अल्टोच्या पुढे टेम्पो, टेम्पोच्या पुढे कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग. पाण्यातून जाण्याची क्षमता आहे. अल्टोवरून जाण्याची नाही. थारकर एसी चालू ठेवून दोन तास तिथेच उभा राहतो. मघाच्या लाटेने कमरेपर्यंत भिजलेला एक ॲक्टिवावाला पुढच्या चौकात त्याला गाठतो आणि काचेवर बोटाने टकटक करतो. त्यानंतरचा संवाद छापण्याजोगा नाही.

बाबा भिडे पुलाचंही तेच. खडकवासल्यातून पाणी सोडलं की हा पूल पाण्याखाली जातो आणि थारकराला वाटतं, हाच तो क्षण. पण त्याआधीच पोलीस दोन्ही बाजूंना बॅरिकेड लावून मोकळे झालेले असतात. हे बरंच आहे. वाहत्या पाण्यात गाडी किती खोलवर जाऊ शकते हा प्रश्नच गौण. पाणी तिला बाजूला ढकलतं. आणि इंजिनात पाणी शिरलं तर साध्या विम्यात ते सहसा बसत नाही, त्यासाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. मॅन्युअलला पेन्सिलीने खुणा करणारा थारकर पॉलिसीचं ते पान मात्र वाचत नाही.

थारकराचा खरा घात समुद्र करतो. कोकणात उतरला, पुळण दिसली, की सोळा लाखांची गाडी हॉटेलसमोर उभी ठेवणं त्याला पाप वाटतं. पुळणीवर पाणी नुकतंच ओसरलेलं असतं तिथे वाळू वरून सिमेंटसारखी दिसते, आत मऊ. अशा जागी टायरची हवा निम्म्यावर आणावी लागते, म्हणजे टायर पसरतो आणि वजन वाटलं जातं. थारकराला हे ठाऊक असतं. पण हवा भरायचा पंप घरी राहिलेला असतो. चाक रुततं, तो ॲक्सिलरेटर दाबतो, चाक आणखी खोल जातं, भरती यायला लागते. २०२४ च्या जूनमध्ये कच्छात मुंद्र्याजवळ दोन थार अशाच समुद्रात अडकल्या आणि मालकांवर गुन्हा दाखल झाला. त्याआधी नाताळात लाहौलमध्ये एकाने ट्रॅफिक टाळायला थार थेट चंद्रा नदीत घातली. नदी पार झाली, पलीकडे साडेतीन हजारांची पावती आली. आणि रुतण्याला गाडीचा भाव कळत नाही: २०२४ सरता सरता रेवदंड्याच्या किनाऱ्यावर चक्क फेरारी अडकली होती. तिला बाहेर काढलं बैलगाडीने. त्या व्हिडिओत बैल अतिशय शांत दिसतात.

किनाऱ्यावरच्या गावांत आता यात वाकबगार झालेली माणसं आहेत. नारळाच्या बागेत ट्रॅक्टर उभा असतो. अडकलेला थारकर घाम पुसत येतो तेव्हा ट्रॅक्टरवाला आधी भरतीची वेळ बघतो, मग दर सांगतो. घासाघीस करायला वेळ समुद्र ठरवून देतो.

बरं, ज्यांचा रस्ता खरोखर वाईट आहे, ते काय चालवतात? सातारा-सांगली-कोल्हापूरच्या वाड्यावस्त्यांवर वडाप चालतं. आकुर्डीच्या बजाज टेम्पोने बनवलेल्या ट्रॅक्सा आणि महिंद्रांच्या कमांडर जीपा वर्षानुवर्षं वीस-वीस माणसं, दोन शेरडं आणि दुधाची किटली घेऊन घाट चढल्या. ड्रायव्हर अर्धा दाराबाहेर, गिअरचा दांडा कुणा पाहुण्याच्या गुडघ्यांमध्ये. गिअर बदलायचा झाला की पाहुण्याने पाय आखडायचे. यातल्या बहुतेक गाड्यांना फोर बाय फोर नव्हतं. त्याची उणीव भासलीच तर उतारू उतरून ढकलायचे आणि पुन्हा बसायचे. आज वेल्ह्याकडे किंवा महाडकडे गेलं की चिखलाच्या वाटेवर बोलेरो पिकअप दिसते, तिच्या हौद्यात खताची पोती आणि पोत्यांवर माणसं. थारकर तिथे चहाला थांबतो. पिकअपवाला थारभोवती एक फेरी मारतो, मागचं दार उघडून आत बघतो आणि प्रामाणिकपणे विचारतो, “पोती किती बसत्यात?”

जीपचं वेड म्हणजे काय ते बघायचं तर सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावाकडे बघावं, यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावाकडे. तिथल्या एका कारागिराने २०२१ मध्ये भंगारातले सुटे भाग जमवून मुलासाठी चारचाकी जीप बनवली. जीपचं नाक तेच, बांधा तोच, फक्त चालू करायला दुचाकीसारखी किक. आनंद महिंद्रांनी व्हिडिओ बघितला आणि त्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली; पुढच्या वर्षी ती त्याला मिळालीही. त्या जीपला डिपार्चर अँगल किती, हे अद्याप कुणी विचारलेलं नाही.

तरी थारकराची नुसती टिंगल करून चालणार नाही. पुण्यातल्या गल्लीबोळांत रहिवाशांनी स्वतःच सिमेंट ओतून केलेले गतिरोधक आहेत, पाइपलाइन टाकून तसेच सोडलेले चर आहेत, पावसाळ्यात खड्ड्यांची खोली पाण्याखाली झाकलेली असते. सेडान तिथे पोटाने घासत जाते. थारला पत्ताही लागत नाही. ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत २०२० साली तिला प्रौढांच्या आणि मुलांच्या सुरक्षेसाठी चार-चार तारे मिळाले. जुनी विकायला काढली तर भाव चांगला येतो. उंचावरून रस्ता लांबपर्यंत दिसतो. पीएमपीचे ड्रायव्हर, जे कुणालाच जागा देत नाहीत, ते तिला थोडी देतात. शहरात मायलेज एक आकडी आहे, पण थारकर ते मोजत नाही आणि बायकोने मोजू नये म्हणून पेट्रोल स्वतःच भरतो.

आणि वर्षाकाठी चार-दोनदा तो खरंच जातो. पावसाळ्यात पहाटे पाचला निघून ताम्हिणी ओलांडतो, तांबड्या चिखलाची एखादी वाट शोधतो, दांडा ओढतो आणि संध्याकाळी टपापर्यंत माखून परततो. सोमवारी तो गाडी धूत नाही. हिंजवडीच्या पार्किंगमध्ये जाणकार चिखलाचा रंग बघतात: काळा असेल तर मेट्रोच्या कामावरचा, तांबडा असेल तर घाटापलीकडचा. मंगळवारी गाडी पुसणारा पोरगा नको म्हणताना धुऊन टाकतो. याच्याहून पुढचं वेड असलेले लोक गोव्याला जातात. तिथे २०१४ पासून भर पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंज भरते आणि कापून-जोडून बनवलेल्या जीपा चिखलाच्या भिंती चढतात. ते लोक ऑफिसला मात्र स्विफ्टने जातात. थारवर ओरखडा पडेल या भीतीपेक्षा स्विफ्टला पेट्रोल कमी लागतं, हे त्यांचं कारण.

तेव्हा तुम्हीही थार घ्यायच्या विचारात असाल तर जरूर घ्या. टेस्ट ड्राइव्हला शोरूमचा माणूस तुम्हाला खड्ड्यांच्या रस्त्याने नेईल आणि गाडी तुम्हाला आवडेल, यात शंका नाही. फक्त जाताना घरातल्या सगळ्यांना बरोबर न्या, आईला मागच्या सीटवर बसवा, आणि पैसे भरण्याआधी तिला तिथून एकटीने खाली उतरू द्या.